दाण्यांचे दूध

प्रस्तावना

दूध म्हटले की गाय, म्हैस किंवा शेळी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु शेंगदाणे, बदाम, काजू आणि ओले खोबरे पाण्याबरोबर वाटून पिळले, तरीही दुधासारखाच पांढरा, दाट रस मिळतो. काहींना गाई-म्हशीचे दूध पचत नाही, काही जण ते व्रत म्हणून वा तत्त्व म्हणून वर्ज्य करतात, तर काहींच्या घरी ते रोज परवडत नाही. अशा सर्वांना हा रस उपयोगी पडतो. अलीकडे तो बाटल्यांत आणि डब्यांत भरून विकलाही जातो. मात्र तो घरी करणे मुळीच अवघड नाही.

हा रस दुधासारखा दिसतो, पण तो दुधाचे सगळे काम करतो का? प्रस्तुत पाठात कृतीबरोबर या प्रश्नाचाही विचार केला आहे. घरात लहान मूल असेल, तर या प्रश्नाचे उत्तर माहीत असणे फार महत्त्वाचे ठरते.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला

- दाण्यांचे दूध कसे तयार होते, यामागील कारण सांगता येईल;
- शेंगदाणे, बदाम, काजू व नारळ यांचे दूध घरी करता येईल;
- दाण्यांचे दूध व जनावराचे दूध यांतील फरक आकड्यांच्या आधारे स्पष्ट करता येईल;
- कृती सांगताना वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांच्या रूपांचा परिचय होईल.

मूळ पाठ

‘दूध’ हा शब्द

‘दूध’ हा शब्द संस्कृतातील ‘दुग्ध’ या शब्दावरून आला. ‘दुह्’ म्हणजे दोहणे, धार काढणे. दोहून जे मिळाले ते दुग्ध. या अर्थाने पाहिले, तर दाण्याला दूध नसते. दाणा कोणी दोहत नाही, तो वाटून पिळावा लागतो. तरीही भाषा केवळ व्युत्पत्तीवर चालत नाही. जे दुधासारखे दिसते, त्याला लोक दूधच म्हणतात. ज्वारीच्या कणसातील कोवळा दाणा नखाने दाबला की पांढरा रस येतो. तेव्हा शेतकरी ‘कणसात दूध भरले’ असे म्हणतो. कोकणात व गोव्यात ‘नारळाचे दूध’ किंवा ‘नारळाचा रस’ हे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. आपल्या इतर भाषांतही हेच दिसते. तमीळ आणि मल्याळम या भाषांत दुधाला ‘पाल’ म्हणतात आणि नारळाच्या रसालाही ‘पाल’च म्हणतात. बंगालीतही ‘नारळाचे दूध’ असाच शब्दप्रयोग आहे.

युरोपातही ही कल्पना जुनीच आहे. मध्ययुगात तेथील ख्रिस्ती उपवासांच्या दिवशी जनावराचे दूध वर्ज्य असे. तेव्हा स्वयंपाकी बदामाचे दूध वापरीत. इंग्लंडमध्ये १३९० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ‘द फॉर्म ऑफ क्युरी’ या पाककृतींच्या संग्रहात बदामाच्या दुधाचा उल्लेख वारंवार येतो. म्हणजे दाण्यांचे दूध हा आजचा शोध नव्हे.

मात्र बाजारात शब्दाला वेगळे वजन असते. ग्राहकाची दिशाभूल होऊ नये म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ साली, वनस्पतिजन्य पेये ‘दूध’ या नावाने विकू नयेत, असा निर्देश दिला. ‘नारळाचे दूध’ यासारख्या परंपरेने रूढ झालेल्या नावांचा त्यात अपवाद केला जातो. आपण घरात या रसाला दूध म्हणण्यास कोणाची हरकत नाही. परंतु नाव एक असले म्हणून वस्तू एक होत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

दाणा वाटला की दूध का होते?

शेंगदाणा, बदाम, काजू आणि खोबरे या चारही पदार्थांत तेलाचे प्रमाण भरपूर असते. हे तेल दाण्याच्या पेशींमध्ये अतिशय बारीक थेंबांच्या रूपाने साठविलेले असते आणि प्रत्येक थेंबावर प्रथिनांचे पातळ आवरण असते. अंकुर फुटल्यावर रोपाला पहिले अन्न मिळावे, म्हणून निसर्गाने केलेली ही तरतूद आहे.

कोरडे शेंगदाणे वाटले की आधी कूट होते. तेच कूट आणखी वाटत राहिले, तर त्याला तेल सुटते आणि त्याचा गोळा होतो. हा अनुभव स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला असतो. आता हेच दाणे भिजवून, पाणी घालून वाटले तर काय होते? पेशी फुटतात, तेलाचे थेंब बाहेर येतात. परंतु एकमेकांना मिळून तेलाचा थर होण्याऐवजी ते पाण्यात विखुरतात. त्यांच्यावरील प्रथिनांचे आवरण त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. एरवी तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत. येथे प्रथिने मध्यस्थी करतात. अशा मिश्रणाला शास्त्रीय परिभाषेत ‘पायस’ म्हणतात. खिरीसाठीही आपण हाच शब्द वापरतो. त्याचे मूळ ‘पयस्’ या संस्कृत शब्दात आहे. ‘पयस्’ म्हणजे दूध, आणि ‘पयस्’ म्हणजे पाणीसुद्धा.

गाईचे दूध हेही असेच पायस आहे. त्यात लोण्याचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले असतात. प्रकाश या असंख्य बारीक कणांवर आपटून चहूकडे पसरतो, म्हणून दूध आपल्याला पांढरे दिसते. दाण्यांचे दूधही याच कारणामुळे पांढरे दिसते. तेव्हा पांढरा रंग आणि दाटपणा एवढ्यावरून त्या रसाची पौष्टिकता ठरत नाही. तेल आणि पाणी नीट मिसळले आहेत, एवढेच त्यावरून कळते.

घरी केलेले दाण्यांचे दूध काही वेळ ठेवले की वर दाट थर येतो आणि खाली पातळ पाणी राहते. ते नासले असे समजू नये. तेल पाण्याहून हलके असल्याने वर येते. ढवळले की दूध पुन्हा एकजीव होते. विकतच्या पेयांत असे होऊ नये म्हणून त्यांत निराळे पदार्थ घातलेले असतात.

शेंगदाण्याचे दूध : कृती

चारही प्रकारांत शेंगदाण्याचे दूध सर्वांत स्वस्त पडते. शिवाय शेंगदाणा आपल्याकडे गावोगाव मिळतो. उपवासाला वरीच्या तांदळाबरोबर दाण्याची आमटी करणाऱ्या घराला दाणे वाटून पाण्यात उकळणे नवे नाही.

साहित्य : कच्चे, सालासकट शेंगदाणे १०० ग्रॅम (साधारण एक लहान वाटी), पिण्याचे पाणी १ लिटर, चवीपुरते मीठ, आवडत असल्यास गूळ व वेलची.

प्रथम शेंगदाणे निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावेत आणि भरपूर पाण्यात सहा ते आठ तास भिजत घालावेत. उन्हाळ्यात याहून अधिक वेळ ठेवल्यास ते आंबतात. भिजवलेले पाणी टाकून द्यावे. दाणे दोन्ही तळव्यांत चोळले की साले सुटतात. ती काढून टाकावीत. साले राहिल्यास दुधाला तुरटपणा येतो.

लिटरभर पाण्यापैकी एक पेला पाणी घेऊन त्यात दाणे अगदी गंधासारखे बारीक वाटावेत. मिक्सर नसल्यास पाट्यावरही वाटता येतात. वेळ अधिक लागतो, इतकेच. आरंभीच सगळे पाणी घालू नये. त्यामुळे दाणे पात्यांखाली न सापडता पाण्यात फिरत राहतात आणि भरड राहतात. वाटण झाल्यावर उरलेले पाणी घालून पुन्हा एकदा फिरवावे.

रुंद तोंडाच्या पातेल्यावर स्वच्छ, पातळ सुती फडके पसरून त्यात हे मिश्रण ओतावे. फडक्याची चारही टोके एकत्र धरून पुरचुंडी करावी आणि ती घट्ट पिळावी. खाली दूध उतरते, फडक्यात चोथा राहतो.

हे दूध कच्चे पिऊ नये. मंद आचेवर ठेवून, तळाशी लागू नये म्हणून सतत ढवळत उकळी आणावी आणि त्यानंतर आणखी दहा मिनिटे उकळावे. उकळल्याने दाण्याचा कच्चट वास जातो. कच्च्या शेंगदाण्यात प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात. तेही उष्णतेने बरेचसे निष्प्रभ होतात. वर येणारा फेस झाऱ्याने काढून टाकावा. हे दूधही गाई-म्हशीच्या दुधासारखेच उतू जाते, म्हणून पातेले मोठे घ्यावे. मीठ शेवटी घालावे. गूळ घालायचा असल्यास दूध कोमट झाल्यावर घालावा. उकळत्या दुधात गूळ पडला तर ते फुटण्याचा संभव असतो.

फडक्यातील चोथा टाकू नये. त्यात प्रथिने आणि तंतू शिल्लक असतात. तो थालीपीठाच्या पिठात मळावा, भाजीत किंवा आमटीत घालावा, अथवा भाजून चटणीत मिसळावा. ओला चोथा लवकर आंबतो, म्हणून त्याच दिवशी वापरावा.

पाठगत प्रश्न १

१. ‘दूध’ हा शब्द कोणत्या मूळ क्रियेवरून आला आहे?
२. दाण्यातील तेलाचे थेंब पाण्यात विखुरलेले का राहतात?
३. वाटताना आरंभी थोडेच पाणी का घालावे?

बदाम, काजू आणि नारळ

शेंगदाण्याची रीत कळली की बाकीची दुधे सोपी वाटतात. मात्र प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे.

बदाम रात्रभर भिजवावेत. सकाळी ते मिनिटभर गरम पाण्यात टाकले की साल बोटांनी सहज निघते. १०० ग्रॅम बदामांना १ लिटर पाणी पुरते. वाटून, गाळून झाल्यावर हे दूध मंद आचेवर गरम करावे. फार उकळल्यास ते दाट होत जाते. सोलताना एखादा बदाम चाखून पाहावा. कडू लागणारे बदाम टाकून द्यावेत, कारण कडू बदामातील एका घटकापासून सायनाइड हे विष तयार होते.

काजू मऊ असतो. तो दोन ते चार तास भिजला तरी पुरे. वाटल्यावर तो इतका बारीक होतो की गाळण्याची फारशी गरज पडत नाही आणि चोथाही उरत नाही. काजूत पिष्टमय पदार्थ बऱ्यापैकी असल्याने त्याचे दूध तापवले की खिरीसारखे घट्ट होते. म्हणून खीर किंवा दाट रस्सा यांसाठी ते उत्तम. चहासाठी मात्र ते अधिक पाणी घालून पातळ करावे लागते.

नारळ भिजवावा लागत नाही. ओले खोबरे खवून, त्यात पेलाभर गरम पाणी घालून वाटावे आणि पिळावे. गरम पाण्याने खोबऱ्यातील स्निग्धांश चांगला सुटतो. पहिल्या पिळणीत निघते ते दाट दूध. चोथ्यात पुन्हा पाणी घालून वाटले की दुसरे, पातळ दूध मिळते. पदार्थ शिजवताना आधी पातळ दूध घालतात आणि दाट दूध अखेरीस, आच कमी करून घालतात. कारण खळखळून उकळले तर नारळाचे दूध फुटते. केरळातील स्वयंपाकात पहिले, दुसरे आणि तिसरे दूध असा भेद आवर्जून पाळला जातो. आमसुलांचा आगळ घालून केलेली सोलकढी, सिंधुदुर्गातील रस-शिरवाळे आणि गोव्यातील मणगणे हे पदार्थ याच दुधावर उभे आहेत.

दाण्यांचे दूध चहात घातल्यावर कधी कधी फुटते. चहा किंचित आम्लधर्मी असतो आणि कढत असतो. या दोहोंमुळे प्रथिने गोळा होतात. चहा आचेवरून उतरवून क्षणभर निवू द्यावा आणि दूधही कोमट करून घालावे, म्हणजे ते फुटण्याचा संभव कमी होतो.

कोणतेही दाण्यांचे दूध गाई-म्हशीच्या दुधाप्रमाणेच नाशवंत आहे. ते दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये. शीतकपाटात, झाकण लावलेल्या स्वच्छ भांड्यात ते दोन दिवस टिकते. शीतकपाट नसेल तर लागेल तेवढेच करावे.

दाणे निवडताना

कृतीतील सर्वांत महत्त्वाची पायरी बहुधा सर्वांत दुर्लक्षित असते. ती म्हणजे दाणे निवडणे. ओलसर जागी साठविलेल्या शेंगदाण्यांवर ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ नावाची बुरशी वाढते. ही बुरशी ‘अफ्लाटॉक्सिन’ नावाचे विष तयार करते. हे विष यकृतावर घाला घालते आणि दीर्घकाळ पोटात जात राहिल्यास यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते.

या विषाचा शोध भुईमुगामुळेच लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की जातीचे एक लाखाहून अधिक पक्षी अचानक मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीचा तपास केल्यावर हे विष उघडकीस आले. आपल्या देशात १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या भागांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने कावीळ पसरली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. हेच विष त्यामागे होते. हे विष नेहमीच्या उकळण्याने किंवा भाजण्याने नष्ट होत नाही. म्हणून सुरकुतलेला, काळपट, हिरवट, खवट वासाचा किंवा किडलेला प्रत्येक दाणा वेचून टाकावा. स्वस्त मिळतात म्हणून दुधासाठी खराब दाणे वापरणे ही बचत नव्हे.

दूध आणि दूध : एक हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दाण्यांचे दूध गाईच्या दुधाची जागा घेऊ शकते का? यासाठी फार शास्त्र नको. साधी त्रैराशिकाची मांडणी पुरे.

गाईच्या १ लिटर दुधात सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हाडे आणि दात यांच्या बळकटीसाठी कॅल्शियम लागते, हे आपण जाणतो. आता १०० ग्रॅम शेंगदाणे घ्या. त्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि कॅल्शियम केवळ ९० मिलिग्रॅमच्या आसपास. हे सर्व १ लिटर पाण्यात उतरले असे समजले, तरी लिटरभर दुधात ९० मिलिग्रॅमच कॅल्शियम येणार. कारण पाणी घातल्याने दूध वाढते, पोषण वाढत नाही. प्रत्यक्षात काही भाग चोथ्यातच राहतो. १०० ग्रॅम बदामांत प्रथिने सुमारे २० ग्रॅम आणि कॅल्शियम सुमारे २३० मिलिग्रॅम असते.

हेच २०० मिलिलिटरच्या एका पेल्यात मोजू. गाईच्या दुधाच्या पेल्यात साधारण २४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. बदामाच्या दुधाच्या पेल्यात फार तर ४६ आणि शेंगदाण्याच्या दुधाच्या पेल्यात फार तर १८ मिलिग्रॅम. प्रथिनांच्या बाबतीत शेंगदाण्याचे दूध गाईच्या दुधाच्या बरेच जवळ येते; कॅल्शियमच्या बाबतीत ते खूपच मागे राहते. नारळाच्या दुधात स्निग्धांश पुष्कळ असतो, पण प्रथिने थोडी असतात. शिवाय रक्त आणि मज्जासंस्था यांसाठी आवश्यक असलेले ब-१२ हे जीवनसत्त्व जनावराच्या दुधात असते, दाण्यांत ते मुळीच नसते.

विकतच्या काही पेयांत कॅल्शियम व जीवनसत्त्वे वरून मिसळलेली असतात. घरच्या दुधात ती नसतात. दुसरीकडे, विकतच्या पेयांत प्रत्यक्ष दाण्यांचे प्रमाण कित्येकदा अगदी थोडे असते आणि साखर घातलेली असते. म्हणून डब्यावरील घटकांची यादी वाचण्याची सवय लावून घ्यावी.

हा प्रश्न आपल्या देशात एका थोर व्यक्तीला आयुष्यभर पडला होता. महात्मा गांधींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर दुधाचा त्याग केला. १९१८ साली गुजरातेत खेडा जिल्ह्यात काम करीत असताना ते अतिशय आजारी पडले. त्या काळात दाण्याचे लोणी आणि लिंबे हा त्यांचा मुख्य आहार होता. अशक्तपणा हटेना. डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला. ‘तुमचे व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे आहे, शेळीचे दूध घ्यायला काय हरकत?’ अशा आशयाची सूचना कस्तुरबांनी केली. गांधीजींनी शेळीचे दूध घेतले. परंतु व्रताचे अक्षर पाळले गेले तरी त्याचा आत्मा दुखावला, ही टोचणी त्यांच्या मनात कायम राहिली. दुधाइतकाच पौष्टिक आणि पचण्यास हलका असा वनस्पतिजन्य पदार्थ कोणाला ठाऊक असल्यास आपल्याला कळवावा, असे आवाहन त्यांनी आत्मकथेत केले आहे. स्वतःवर इतके प्रयोग करणाऱ्या माणसालाही दाण्यात दुधाचा पूर्ण पर्याय सापडला नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

पुढे म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने यातून एक मधला मार्ग काढला. १९५० साली स्थापन झालेल्या या संस्थेतील शास्त्रज्ञांनी भुईमुगातील प्रथिने वेगळी काढली, ती गाई-म्हशीच्या दुधात मिसळली आणि ‘मिल्टोन’ नावाचे पेय तयार केले. थोड्या दुधात अधिक माणसांची गरज भागावी, हा त्यामागील हेतू होता. दाण्याने दुधाला हटवावे असा नव्हे, तर त्याला हातभार लावावा, असा हा विचार होता.

कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये

जनावराच्या दुधात दुग्धशर्करा असते. ती पचविणारे लॅक्टेज नावाचे विकर बालपणानंतर अनेकांच्या शरीरात कमी होते. जगातील बहुसंख्य प्रौढांच्या बाबतीत असे घडते. अशा व्यक्तींना दूध प्यायल्यावर पोट फुगणे, कळ येणे, जुलाब होणे असा त्रास होतो. दाण्यांच्या दुधात दुग्धशर्करा नसल्याने त्यांना ते सोसते. (अशांपैकी पुष्कळांना दही मात्र पचते, कारण विरजणातील जिवाणू दुग्धशर्करेचा काही भाग आधीच संपवतात.) ज्यांना दूध तत्त्व म्हणून नको आहे, त्यांनाही हे दूध स्वयंपाकात चांगले साथ देते. मात्र कॅल्शियमसाठी त्यांनी नाचणी, तीळ, राजगिरा आणि पालेभाज्या आहारात ठेवाव्यात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे शेंगदाण्याच्या दुधाबरोबर नाचणीची भाकरी खाल्ली, तर उणीव पुष्कळशी भरून निघते. दूध, दही, अंडी, मासे यांपैकी काहीच न घेणाऱ्यांनी ब-१२ विषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ज्यांना शेंगदाणे किंवा सुकामेवा यांची ॲलर्जी आहे, त्यांनी त्याचे दूध घोटभरही घेऊ नये. ओठ सुजणे, अंगावर पित्त उठणे, श्वास लागणे ही लक्षणे दिसताच रुग्णाला विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे तान्ह्या बाळाविषयी. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचेच दूध द्यावे. त्यानंतर मऊ, पूरक अन्न सुरू करून दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ आईचे दूध चालू ठेवावे. बदामाचे, शेंगदाण्याचे वा नारळाचे दूध आईच्या दुधाची जागा कदापि घेऊ शकत नाही. आईला दूध येत नसेल किंवा बाळाला दूध पचत नसेल, तर घरगुती उपाय न करता आरोग्य केंद्रात जावे. बाळाचे पोट पांढऱ्या रसाने भरेल, ते रडायचेही थांबेल. पण वाढीसाठी लागणारे घटक न मिळाल्याने ते आतून खंगत जाईल, आणि हे चटकन कोणाच्या लक्षातही येणार नाही.

दाण्यांचे दूध हे स्वतःच्या गुणांवर उभे असलेले अन्न आहे. शेंगदाण्याची प्रथिने, बदामाची चव, काजूचा दाटपणा, नारळाची स्निग्धता यांसाठी ते जरूर करावे. त्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे ठाऊक असलेल्या घरात ते निर्धास्तपणे करता येते.

पाठगत प्रश्न २

१. नारळाचे दाट दूध पदार्थात अखेरीस का घालतात?
२. खराब शेंगदाणे उकळून वापरले तर चालतील का? कारण सांगा.
३. चूक की बरोबर ते लिहा : ‘दाण्यांच्या दुधात ब-१२ जीवनसत्त्व भरपूर असते.’

भाषाभ्यास

या पाठातील कृती वाचताना ‘भिजत घालावेत’, ‘पिळावी’, ‘उकळावे’ अशी क्रियापदे आपण वाचली. क्रियापदाच्या ज्या रूपावरून कर्तव्य, योग्यता, सूचना, इच्छा असा अर्थ व्यक्त होतो, त्या रूपाला विध्यर्थ म्हणतात. ‘दाणे भिजवा’ हा आज्ञार्थ झाला. ‘दाणे भिजवावेत’ हा विध्यर्थ झाला. दोन्हींचा अर्थ जवळचा असला, तरी विध्यर्थात आज्ञेचा सूर नसतो, सल्ल्याचा असतो.

येथे क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे व वचनाप्रमाणे बदलते, हेही लक्षात घ्या :

- चोथा बाजूला ठेवावा. (पुल्लिंग, एकवचन)
- पुरचुंडी घट्ट पिळावी. (स्त्रीलिंग, एकवचन)
- दूध उकळावे. (नपुंसकलिंग, एकवचन)
- दाणे निवडावेत. (पुल्लिंग, अनेकवचन)

आपण काय शिकलो?

- दाण्यांचे दूध म्हणजे तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले पायस होय.
- भिजवणे, वाटणे, गाळणे आणि तापवणे या त्याच्या पायऱ्या आहेत. दाणे निवडणे ही त्याआधीची, सर्वांत महत्त्वाची पायरी आहे.
- शेंगदाण्याच्या दुधात प्रथिने चांगली असतात, परंतु कॅल्शियम फार कमी असते, ब-१२ नसते.
- दुग्धशर्करा न पचणाऱ्यांना हे दूध उपयोगी आहे. तान्ह्या बाळासाठी ते आईच्या दुधाचा पर्याय नाही.

शब्दार्थ

व्युत्पत्ती – शब्दाचे मूळ. वर्ज्य – टाळण्याजोगे, निषिद्ध. पायस – तेल व पाणी यांचे एकजीव मिश्रण, खीर. चोथा – रस काढल्यावर उरलेला भाग. पुरचुंडी – फडक्याची लहान गाठोडी. आगळ – आमसुलाच्या फळांचा खारवलेला रस. विकर – शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. त्रैराशिक – तीन ज्ञात संख्यांवरून चौथी काढण्याची रीत. खंगणे – क्षीण होत जाणे.

स्वाध्याय

१. ‘पांढरा रंग आणि दाटपणा यांवरून पौष्टिकता ठरत नाही’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. शेंगदाण्याचे दूध करण्याची कृती आपल्या शब्दांत, आज्ञार्थी क्रियापदे वापरून लिहा.
३. १०० ग्रॅम काजूत सुमारे ५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्यांचे १ लिटर दूध केल्यास २०० मिलिलिटरच्या पेल्यात जास्तीत जास्त किती कॅल्शियम मिळेल?
४. आपल्या शेजारी तान्ह्या बाळाला बदामाचे दूध देत आहेत असे आपल्याला कळले. त्या घरातील वडीलधाऱ्यांना आपण कसे समजावून सांगाल? आठ-दहा वाक्ये लिहा.
५. आपण राहता त्या प्रदेशात नारळ, तीळ किंवा दाणे वाटून केले जाणारे पेय वा पदार्थ कोणते? त्यांची स्थानिक नावे मिळवा आणि एकाची कृती मराठीत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) दोहणे, म्हणजे धार काढणे. (२) थेंबांवरील प्रथिनांचे आवरण त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. (३) अधिक पाण्यात दाणे पात्यांखाली न सापडता भरड राहतात.

प्रश्न २ : (१) खळखळून उकळल्यास ते फुटते. (२) नाही, बुरशीचे विष उकळण्याने नष्ट होत नाही. (३) चूक.